सोलापुरात होटगी रोडच्या मागं असलेलं गॅरेज, जुनी पद्मिनी गाडी असेल तर डोळे झाकून जा

बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे आपली, १०८९ सीसी इंजिन, म्हणजे मूळची फियाट ११०० डी. दोन महिन्यांपासून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) सारखी वर यायची, टॅपेट कव्हरपाशी (इंजिनच्या वरच्या झाकणापाशी) ऑइल पाझरायचं आणि सकाळी स्टार्ट केली की फटफट आवाज. आधीच्या एका मेकॅनिकनं सरळ सांगितलं इंजिन बोरला आलंय, म्हणजे आतले सिलिंडर झिजलेत, खोलावं लागतंय, ऐकून झोपच उडाली.

इथल्या मामांनी काय केलं, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि त्या भोकावर तळहात धरला. म्हणाले, "मालक, आत हवा कोंडलीय, आधी ब्रीदर बघू." ब्रीदर म्हणजे इंजिनमधला गॅस बाहेर सोडणारा पाईप, तो काढला तर आतली जाळी काजळासारख्या चिकट गाळानं गच्च! रॉकेलमध्ये दोनदा धुतली, कडक झालेला रबरी पाईप बदलला आणि खरंच, ऑइल गळायचं थांबलं ओ. पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस खाली उतरतोच, त्याला वाट नाही मिळाली तर तो सीलमधून ऑइल ढकलतो, हे त्यांनी नीट समजावलं.

फटफट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटची, म्हणजे सांध्यातल्या पॅकिंगची होती, काळा डाग दिसत होता तिथं. गंजलेले नट आदल्या रात्री ऑइल सोडून मग सावकाश काढले, एक स्टड (नट बसतो तो बोल्ट) मोडला नाही, आणि परत बसवताना पितळी नट लावले म्हणजे पुढच्या वेळी जाम होत नाहीत.

एक दिवस सांगून तीन दिवस लागले, गॅस्केट पुण्याहून आलं. पण जुने पार्ट पिशवीत घालून हातात दिले, बाबा लई खूश.