घरचा कोंबुचा: आठ महिन्यांनंतर

कोंबुचा म्हणजे गोड कोरा चहा आंबवून केलेलं पेय. सप्टेंबरमध्ये मैत्रिणीने त्याची स्कोबी दिली, म्हणजे चहा आंबवणाऱ्या यीस्ट आणि जिवाणूंचा थर. शहाळ्यातल्या मलईसारखी बुळबुळीत चकती, आणि तिच्याबरोबर कपभर आंबट रस. खरं विरजण तो रस असतो, हे दुसरी खेप फसल्यावर कळलं: रस कमी घातला, वर हिरवी बुरशी धरली, सगळं ओतून दिलं.

दोन लिटर कोऱ्या चहाला मी दीडशे ग्रॅम साखर घालते, पूर्ण निवू देते, मग चकती आणि रस घालून बरणीच्या तोंडाला मलमल बांधते. यीस्ट साखर फोडून थोडं अल्कोहोल करतं आणि जिवाणू त्याचं ॲसेटिक आम्ल करतात. ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल बनतं. जानेवारीत याला बारा दिवस लागले, एप्रिलमध्ये पाच. चव सौम्य व्हिनेगरसारखी. सासूबाई म्हणाल्या, "यापेक्षा आंबलेलं ताक बरं गं."

एप्रिलमध्येच शहाणपणा सुचला. बाटलीत हापूसच्या फोडी घालून झाकण घट्ट लावलं आणि बाटली ओट्यावर ठेवली. रात्री दोन वाजता फटाका! काचा थेट भाताच्या कुकरमागे, आणि टाइल्सवरचा आंब्याचा रस दुसऱ्या दिवशीही चिकट लागत होता. आता दोन दिवसांनी बाटली फ्रिजमध्ये जाते.

तब्येतीचं म्हणाल तर संध्याकाळचा कोला सुटला, माझा फायदा एवढाच. रिकाम्या पोटी घेतला की जळजळते. चहातलं कॅफिन बरंचसं शिल्लक राहतं, म्हणून रात्री नाही. चहाचे पॉलिफेनॉल त्यात असतात हे खरं, पण ते साध्या कोऱ्या चहातही असतात. 'ग्लुकुरॉनिक आम्लाने यकृत साफ होतं' हे तर मला पटतच नाही. ते आम्ल यकृत स्वतःच तयार करतं.

सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून 2023 ची अमेरिकेतली चाचणी वाचली. रोज 240 मिली कोंबुचा, चार आठवडे, आणि उपाशीपोटीची सरासरी साखर 164 वरून 116. आकडा भारी, पण माणसं फक्त बारा! त्यांच्या डॉक्टरांनी उलटंच विचारलं, "यात उरलेली साखर किती, मोजलीत का?" मोजली नव्हती. त्यांना देत नाही.

चकत्या मात्र दर खेपेला वाढतात. दोन शेजारणींना दिल्या, एक कुंडीत पुरली. कुणाला हवी असेल तर झाकणाची वाटी घेऊन या, रसासकट देईन. नुसती चकती नेऊ नका.