सुवर्ण मानांकनाचे गृहसंकुल : भिंतींना पैकीच्या पैकी, यंत्रांना काठावर पास

पुण्याच्या बाणेर-बालेवाडी पट्ट्यात, आयजीबीसीचे (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, म्हणजे इमारतींना पर्यावरणपूरकतेचे मानांकन देणारी संस्था) सुवर्ण मानांकन असलेल्या एका गृहसंकुलात आम्ही राहतो. सोसायटीच्या व्यवस्थापन समितीत असल्यामुळे या मानांकनामागची सारी यंत्रणा तळघरापासून गच्चीपर्यंत मला जवळून पाहावी लागली आहे. विकासकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने या भागातील बऱ्याच ‘हरित’ संकुलांना लागू पडेल. घर घेताना माहितीपत्रकात जेवढ्या गोष्टी ठळक छापल्या होत्या त्यांतल्या निम्म्या आज धड चालत नाहीत, आणि ज्यांचा तेथे उल्लेखही नव्हता त्याच रोज सुख देतात.

आधी सुखाचे. इमारतींच्या लांब भिंती उत्तर आणि दक्षिण दिशांना तोंड करून आहेत. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवरचा साधा छज्जासुद्धा ऊन आत येऊ देत नाही. हिवाळ्यात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि ऊन आपोआप खोलीत उतरते. दिवाणखान्याची गॅलरी दक्षिणेला आणि स्वयंपाकघराची खिडकी तिच्या बरोबर समोर उत्तरेला असल्यामुळे मुख्य दार बंद ठेवूनही वारा घरातून आरपार जातो. एप्रिलमधल्या रात्रीसुद्धा आम्हाला पंखा पुरतो. भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीट ठोकळ्यांच्या आहेत. शेजारच्या नव्या संकुलात मिव्हान पद्धतीने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या भरीव काँक्रीटच्या भिंती आहेत. काँक्रीटमधून उष्णता एएसी ब्लॉकच्या सात-आठ पट सहज वाहते, आणि तेथील परिचितांच्या घरी संध्याकाळी भिंतीला हात लावला की हा फरक वेगळा सांगावा लागत नाही. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचा (फरशीच्या चकचकीत तुकड्यांचा) थर असल्याने वरच्या मजल्यावरील रहिवाशांचीही फारशी तक्रार नाही.

एएसी ब्लॉकचे दोन उणे सांगितले पाहिजेत. साध्या प्लगने त्यात वजन पेलत नाही; टीव्ही किंवा गीझर टांगायचा तर त्यासाठीचे लांब नायलॉनचे प्लग आणावे लागतात, आणि ही गोष्ट विकासकाने नव्हे तर सुताराने सांगितली. दुसरे असे की जेथे ब्लॉक आणि काँक्रीटचा खांब किंवा तुळई मिळते तेथे गिलाव्याखाली चिकन मेश (तारेची बारीक जाळी) नीट मारली नसेल तर चीर पडते आणि पावसाळ्यात तीच ओल धरते. आमच्याकडे काही सदनिकांत हे झाले आहे.

पश्चिमेच्या सदनिकांचे मात्र चुकलेच आहे. मावळतीचे ऊन तिरपे असते, ते छज्जाखालून थेट आत शिरते. त्याला अडवायचे तर बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा झडपा हव्यात. येथे त्याऐवजी ‘डोंगराचे दृश्य’ म्हणून छतापासून जमिनीपर्यंत काच लावली आहे. त्या घरांत दुपारी तीननंतर जाड पडदे ओढून एसी लावतात, म्हणजे दृश्यही गेले आणि वीजही गेली. एकाच प्रमाणपत्राखाली ही दोन्ही प्रकारची घरे कशी बसतात, याचे उत्तर गुण देण्याच्या पद्धतीत आहे: एका बाबतीत गमावलेले गुण दुसऱ्या बाबतीत भरून काढता येतात.

आता यंत्रांकडे वळू, आणि त्यांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तळघरातील सांडपाणी प्रक्रिया केंद्र, आपल्या भाषेत एसटीपी. आराखडा करताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातले ४५ लिटर फ्लशचे. म्हणजे एसटीपी नीट चालला आणि त्यातून निघणारे पाणी फ्लशला देणारी वेगळी नळयोजना असली, तर पिण्याजोग्या पाण्याची गरज तिसऱ्या हिश्श्याने घटते. टँकरवर जगणाऱ्या या उपनगरात ही बचत सौरऊर्जेपेक्षा मोठी आहे. दुहेरी नळयोजना आमच्याकडे आहे आणि ती उत्तम आहे. प्रश्न आहे तो केंद्र चालवण्याचा. घाण खाणाऱ्या जिवाणूंना अखंड हवा लागते आणि ती देणारा ब्लोअर हाच सोसायटीच्या वीजबिलातला मोठा खादाड. पहिल्या ठेकेदाराच्या काळात तो रात्री बंद ठेवला जात असे, बिल कमी दिसावे म्हणून. परिणाम सकाळी प्रत्येक फ्लशमध्ये दिसायचा: पिवळसर पाणी आणि कुबट वास. त्यावर काही इमारतींनी फ्लशलाही ताजे पाणी जोडून घेतले आणि सगळा खटाटोप पाण्यात गेला.

नंतर नेमलेला ऑपरेटर जाणकार निघाला. तो रोज सकाळी टाकीतले पाणी एक लिटरच्या मापाच्या काचेच्या नळीत घेतो आणि अर्धा तास हलवत नाही. गाळ तपकिरी रंगाचा, एकसंध गोळा होऊन खाली बसला आणि वरचे पाणी निवळले की जिवाणू ठीक आहेत. गाळ काळा पडला तर हवा कमी पडते आहे. बसलाच नाही तर काही बिनसले आहे, बहुधा कोणी तरी भरमसाट फिनेल किंवा ब्लीच ओतले आहे. ही नळी सदस्यांना एकदा दाखवल्यावर ताजे पाणी जोडणाऱ्या इमारतींपैकी बहुतेक पुन्हा प्रक्रियेच्या पाण्यावर आल्या. कोट्यवधींच्या प्रकल्पाचे यश एका माणसाच्या पगारावर टांगलेले आहे आणि देखभाल शुल्काच्या सभेत पहिली कात्री त्याच पगाराला लागते.

पर्जन्यजल संधारणाबाबत कागद आणि जमीन यांच्यातले अंतर सर्वांत जास्त आहे. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर १,००० चौरस मीटर गच्चीवर सात लाख लिटर पाणी पडते, आणि गळती-बाष्पीभवन वजा केले तरी पाच-सहा लाख हाती लागावे. पण खाली दख्खनचा कातळ आहे. त्यात पाणी फक्त भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून मुरते, कोठेही खड्डा खणला म्हणून नव्हे. पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचे आमचे पुनर्भरण खड्डे नकाशावर सोयीच्या जागी, म्हणजे पार्किंगच्या कडेला, आखले गेले आणि पहिल्याच पावसात त्यांच्या गाळणीत माती बसली. भूजलतज्ज्ञाकडून एक जागा ठरवून घेऊन जुन्या बोअरला गच्चीचे पाणी जोडल्यावर त्या बोअरची आवक सुधारली, बाकीचे खड्डे शोभेला आहेत.

ओल्या कचऱ्याचे यंत्र बंद पडले ते पडलेच. त्याला वीज, भुसा आणि विकतचे विरजण लागे आणि त्यातून निघणारे खत अर्धेकच्चे असे. आता साध्या विटांच्या हौदांत खत होते, आणि वास आला तर सुकी पाने थोडी जास्त टाकली की भागते. सौर बंबाचे पाणी फक्त एकाच न्हाणीघरात, तेही सकाळी ठरावीक वेळेत येते. खालच्या मजल्यांवर नळीतले गार पाणी आधी सोडून द्यावे लागते आणि बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात, ते वेगळेच. गच्चीवरील सौरपटल मात्र बिनबोभाट चालते, कारण धूळ पुसण्यापलीकडे त्याला काही लागत नाही. ज्या सोसायट्यांनी अजून ते बसवले नाही त्यांना २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळू शकते.

या सगळ्यातून फायदा कोणाचा, हेही पाहण्यासारखे आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकनासाठी रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम या पातळ्यांना अनुक्रमे ३, ५ आणि ७ टक्के जादा चटई क्षेत्र (एफएसआय, म्हणजे बांधकामाची परवानगी) मिळते. ते विकासकाला बांधकामाच्या वेळीच विकता येते. रहिवाशांच्या वाट्याला महापालिकेची मिळकत करातील ५ ते १० टक्के सूट येते, आणि ती टिकवायची तर सौर, पर्जन्यजल आणि गांडूळखत या यंत्रणा चालू ठेवून दाखवाव्या लागतात.

घेणाऱ्यांसाठी माझा अभिप्राय असा. या संकुलात उत्तर-दक्षिण सदनिका मिळत असेल तर जादा दर देऊनही घ्यावी. पश्चिमेची दृश्यासाठी घेऊ नये. विकासक दाखवतो ते प्रमाणपत्र अंतिम आहे की केवळ आराखड्यावरचे पूर्वमानांकन, हे तारखेसह विचारावे. नमुना सदनिका सगळेच पाहतात. त्याऐवजी विकासकाच्या एखाद्या जुन्या, सोसायटीच्या ताब्यात गेलेल्या संकुलात जाऊन एसटीपीची नोंदवही, ब्लोअरचे वीजबिल आणि उन्हाळ्यातील टँकरच्या पावत्या पाहाव्यात. समितीचे लोक त्या आनंदाने दाखवतात, निदान आम्ही तरी दाखवतो.