स्टारफिश: थ्रस्टरच्या फवाऱ्याचा हिशोब लॅपटॉपवर

विद्युत प्रणोदनाच्या (विजेने वायूचे आयन मागे फेकून पुढे जाणाऱ्या) यानाभोवती प्लाझ्मा (आयन-इलेक्ट्रॉनांचा वायू) कसा वाहतो हे काढायला मोठं संगणक केंद्रच लागतं असं नाही. स्टारफिश हा जावात लिहिलेला द्विमितीय कोड आहे. त्याची हलकी आवृत्ती गिटहबवर फुकट मिळते. नांदेड-लातूरच्या कॉलेजातल्या प्रोजेक्टला 8 जीबीचा लॅपटॉप पुरे.

इस्रोने 2017 साली जीसॅट-9 वर झेनॉन वायूचं विद्युत प्रणोदन वापरलं. अशा फवाऱ्यात 300 व्होल्टने सुटलेला आयन सेकंदाला 21 किमी धावतो. आयन न झालेले अणू मात्र थ्रस्टरच्या तोंडाशीच रेंगाळतात. दोघांत भाराची अदलाबदल झाली की मंद आयन उरतो आणि फवाऱ्याचं विभव (विजेचा दाब) त्याला बाजूला, मागे, पॅनेलकडे ढकलतं. कपाशीवर फवारताना वारा फिरला की औषध आपल्याच अंगावर येतं, तसंच. फक्त इथे वारा विजेचा.

स्टारफिशमध्ये डोमेन (हिशोबाचा प्रदेश), सीमा, पदार्थ, स्रोत, परस्परक्रिया, प्रत्येकाची वेगळी एक्सएमएल फाइल. मांडणी स्वच्छ आहे, पण सीमेचे बिंदू उलट क्रमाने दिले की पृष्ठभागाची बाहेरची बाजू सांगणारा लंब उलटा होतो आणि कण थ्रस्टरच्या पोटात सुटतात. एकही आयन दिसेना, तर आधी हेच तपासा.

उदाहरणाला 5 मिग्रॅ/से. झेनॉनपैकी 10 टक्के तटस्थ (आयन न झालेला) धरा. अदलाबदलीचा छेद (ती किती सहज घडते हे सांगणारं क्षेत्रफळ) 300 इलेक्ट्रॉन-व्होल्टला साधारण 5.4 × 10⁻¹⁹ चौ.मी. हिशोबाच्या जाळीची 2 सेंमी चौकट वेगवान आयन एका मायक्रोसेकंदात ओलांडतो, म्हणून काळाची पायरी 0.5 मायक्रोसेकंदाची. पण 20 व्होल्टने ढकललेला मंद आयन 5.4 किमी/से.च, 2 मीटर जायला त्याला साडेसातशे पायऱ्या लागतात. दोन-तीन हजार पायऱ्यांआधी सरासरी सुरू केली, तर पॅनेलवरचा प्रवाह कमी दिसतो.

खरी गोम विभव काढणाऱ्या सॉल्व्हरची. इलेक्ट्रॉनांचं तापमान 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि घनता 10¹⁵ प्रति घनमीटर असेल तर डेबाय लांबी (ज्या अंतरात प्लाझ्मा एखादा भार झाकून टाकतो) 0.33 मिमी. तोंडाशी 2 सेंमी चौकटीवर पॉयसन (भारावरून विभव काढणारं समीकरण) चालवलात तर तो अडखळतो. तिथे अर्ध-तटस्थ (आयन आणि इलेक्ट्रॉनांची घनता सारखी धरणारा) पर्यायच घ्या. मागच्या बाजूला घनता 10¹² वर उतरली की डेबाय लांबी सेंटिमीटरभर होते. पॅनेलजवळचा आवरण-थर (जिथे ही घनता सारखी राहत नाही) हवा असेल, तर त्या भागापुरता 1 सेंमीपेक्षा बारीक चौकटीवर पॉयसन चालवा.

अर्ध-तटस्थ पर्यायात विभव बोल्ट्झमन संबंधातून, म्हणजे घनतेच्या लॉगरिदमवरून निघतं: घनता शंभरपट घसरली की 2 इलेक्ट्रॉन-व्होल्टला 9.2 व्होल्टचा उतार. तापमान तुम्हीच द्यायचं. दुप्पट दिलंत तर उतारही दुप्पट, आणि पॅनेलवर आयन आदळण्याची ऊर्जाही फुगते. रिकाम्या चौकटीत लॉगरिदम उणे अनंताकडे जातो, म्हणून पार्श्वभूमीची किमान घनता ठेवा. जाळी अक्षाभोवती फिरवलेली धरली की अक्षाजवळच्या वलयांचं आकारमान इवलंसं, कण मोजके. तिथला ठिपक्यांचा गोंगाट म्हणजे भौतिकी नव्हे.

निकाल पॅराव्ह्यूत (निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडतो. रिस्टार्ट फाइल चालू ठेवा. उन्हाळ्यात परभणीकडे वीज जाणारच.

पंखासारखं पसरलेलं सौर पॅनेल अक्षसममित (अक्षाभोवती सगळीकडून सारखं) नसतं, अशा द्विमितीय हिशोबात ते तबकडीच होतं. यानाचा भार आणि पॅनेलच्या जोडण्यांची गणितं हवी असतील, तर स्पिस या त्रिमितीय कोडकडे वळा. त्यात जाळी बांधण्यातच आठवडा जातो.