प्रेमकादंबरीसाठी प्रकाशक निवडताना: मालिका, मोठी संस्था की छोटी?

प्रकाशकांची तुलना करायला बसण्याआधी आपल्या हस्तलिखिताची एक परीक्षा घ्या. त्यातली प्रेमकथा काढून टाकली, तर मागे उभी राहील अशी गोष्ट उरते का? उरत असेल, तर तुम्ही प्रेम असलेली कादंबरी लिहिली आहे, प्रेमकादंबरी नव्हे. १९८० साली स्थापन झालेल्या रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेनं प्रेमकादंबरीसाठी दोनच अटी मानल्या: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. या व्यवसायातले संपादक त्याच मापानं मोजतात. शेवटी नायक-नायिका कायमचे दुरावत असतील, तर पुस्तक कितीही सुंदर असो, प्रेमकादंबऱ्यांचा विभाग ते घेणार नाही. ते साहित्यिक किंवा सर्वसाधारण कादंबऱ्यांच्या संपादकाकडे न्यायला हवं. चुकीच्या दारात वर्षभर थांबून मिळालेला नकार लेखणीवरचा विश्वास उगाच हलवतो, म्हणून ही परीक्षा आधी.

आता पहिला पर्याय, मालिकेचा. यात हार्लेक्विन आणि मिल्स अँड बून ही नावं सगळ्यांच्या ओळखीची. मिल्स अँड बून १९०८ मध्ये लंडनला सुरू झाली, हार्लेक्विन १९४९ मध्ये कॅनडात. १९७१ मध्ये हार्लेक्विननं मिल्स अँड बून विकत घेतली आणि २०१४ मध्ये हार्लेक्विन स्वतः हार्परकॉलिन्सच्या ताब्यात गेली. इथे पुस्तक आधी मालिकेचं असतं, मग लेखकाचं. प्रत्येक मालिकेचा स्वभाव ठरलेला: एकीत श्रीमंत, दिमाखदार नायक आणि तीव्र आकर्षण, दुसरीत इस्पितळातली माणसं, तिसरीत इतिहासकाळ, चौथीत श्रद्धाळू वातावरण आणि शयनगृहाचं दार बंद. शब्दमर्यादाही ठरलेली असते. ‘प्रेझेंट्स’ किंवा ‘मेडिकल’साठी साधारण ५०,००० शब्द, ‘हिस्टॉरिकल’साठी ७०,००० ते ७५,०००. तुमचं हस्तलिखित १,१०,००० शब्दांचं असेल आणि त्यात तीन पिढ्यांचं घराणं असेल, तर छाटून ते इथे बसवू नका. पुस्तकाचा जीव जाईल.

मालिकेचा मोठा फायदा म्हणजे एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी बोलणी करणारा प्रतिनिधी, नसला तरी दार उघडं असतं. संपादक थेट आलेली हस्तलिखितं वाचतात, दुरुस्त्या सुचवून पुन्हा मागवतातही. नव्या लेखकाला असं शिक्षण दुसरीकडे सहसा मिळत नाही. वाचकही तयार मिळतो, कारण तो दर महिन्याला त्या मालिकेची नवी पुस्तकं घेतच असतो. पण हेच चक्र उलटंही फिरतं: छापील पुस्तक दुकानाच्या फळीवर साधारण महिनाभर राहतं, मग पुढच्या महिन्याची पुस्तकं येतात. हक्कही जगभराचे, सर्व भाषांचे द्यावे लागतात. अनुवाद अनेक भाषांत होतात, पण ते कुठे आणि कसे व्हावेत हे तुमच्या हातात नसतं. वर्षाला दोन-तीन पुस्तकं शिस्तीत लिहू शकणाऱ्यासाठी ही जागा उत्तम. एकाच पुस्तकावर चार वर्षं घालवणाऱ्याचा इथे जीव घुसमटेल.

दुसरा पर्याय मोठ्या संस्थांच्या प्रेमकादंबरी विभागांचा: हार्परकॉलिन्सचा एव्हन, पेंग्विन रँडम हाउसचा बर्कली, हॅशेटचा फॉरएव्हर, मॅकमिलनचा सेंट मार्टिन्स. मॅकमिलनच्याच टॉरनं २०२३ मध्ये ब्रॅम्बल हा नवा विभाग काढला, त्यात कल्पनारम्य जगातल्या प्रेमकथांना मोठी जागा आहे. इथे पुस्तक तुमच्या नावावर विकलं जातं. मुखपृष्ठ, जाहिरात, दुकानांतली मांडणी यांत संस्थेची ताकद दिसते आणि सुरुवातीची आगाऊ रक्कमही सहसा मोठी असते. मात्र एजंटाशिवाय आत जाणं जवळजवळ अशक्य. एजंट स्वदेशी व्यवहारात साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्के घेतो, तेही पुस्तक विकलं गेल्यावरच. हस्तलिखित वाचण्याचे पैसे मागणारा एजंट तिथेच सोडून द्या.

मोठ्या संस्थेबद्दल एक गोष्ट मला कळकळीनं सांगावीशी वाटते. आगाऊ रक्कम म्हणजे पुढच्या रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतल्या लेखकाच्या वाट्यातून, वळती होणारी रक्कम. ती वसूल होण्याइतकं पुस्तक खपलं नाही, तर पैसे परत द्यावे लागत नाहीत, पण पुढच्या पुस्तकाच्या वेळी तो आकडा प्रत्येक संपादकाच्या डोळ्यांसमोर असतो. पहिल्या पुस्तकाला मिळालेली बेताची रक्कम आणि चांगला खप हे लेखकाच्या लांबच्या प्रवासाला पुष्कळदा अधिक मानवतं.

या दोहोंच्या मध्ये सोर्सबुक्सचा कासाब्लांका विभाग, केन्सिंग्टन आणि २०११ मध्ये सुरू झालेली एन्टँगल्ड अशी नावं येतात. केन्सिंग्टन १९७४ पासून स्वतंत्र राहिली आहे, तर सोर्सबुक्समध्ये २०१९ पासून पेंग्विन रँडम हाउसचा मोठा हिस्सा आहे. अशा संस्थांतले काही संपादक एजंटाशिवायही हस्तलिखितं पाहतात, पण हे नियम सतत बदलतात, त्यामुळे पाठवण्याच्या दिवशीच ताजी सूचना वाचा.

शेवटी ई-बुकवर भर देणाऱ्या छोट्या संस्था. निर्णय जलद, संपादकाशी थेट बोलणं, आणि मोठ्यांनी नाकारलेल्या वेगळ्या नातेसंबंधांच्या कथांना इथे पूर्वीपासून जागा मिळत आली आहे. आगाऊ रक्कम नगण्य किंवा शून्य, पण ई-बुकची टक्केवारी जास्त. मोठ्या संस्था ई-बुकवर सहसा निव्वळ प्राप्तीच्या २५ टक्के देतात, छोट्या ३५ ते ५० टक्क्यांपर्यंत जातात. ‘निव्वळ प्राप्ती’ या शब्दांपाशी थांबा. पुस्तकाची किंमत १०० धरली आणि विक्रेत्यानं ३० ठेवून प्रकाशकाला ७० दिले, तर २५ टक्क्यांनी तुम्हाला १७.५ मिळतात, ४० टक्क्यांनी २८. हेच ७० एखाद्या मधल्या कंपनीतून फिरून आले आणि वाटेत घटले, तर टक्केवारी तीच राहूनही तुमचा वाटा आक्रसतो. म्हणून निव्वळ म्हणजे नेमकं कशातून काय वजा करून, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे.

छोट्या संस्थांचा धोका त्यांच्या आयुष्यात आहे. ई-बुक प्रेमकादंबऱ्यांत एके काळी दबदबा असलेली एलोराज केव्ह २०१६ च्या अखेरीस बंद झाली, पाठोपाठ २०१७ मध्ये सॅमहेन. संस्था बुडते तेव्हा लेखकापुढे पहिला प्रश्न असतो, माझं पुस्तक मला परत कसं मिळणार? म्हणून कुठलाही पर्याय निवडा, माझ्या मते टक्केवारीच्या आधी हक्क परतीचं कलम वाचावं. ‘पुस्तक उपलब्ध असेपर्यंत हक्क प्रकाशकाकडे’ एवढंच लिहिलं असेल, तर ई-बुक कायम उपलब्धच असतं, म्हणजे हक्क कधीच परत नाहीत. प्रकाशकाच्या सलग दोन विक्री-हिशेबांत अमुक प्रतींपेक्षा खप कमी झाला तर लेखी मागणीवर हक्क परत, असा आकडा तिथे हवा. पुढचं पुस्तक आधी आम्हालाच दाखवा, हे कलम फक्त तुमच्या त्याच कथामालिकेतल्या पुस्तकांपुरतं आणि ठरावीक मुदतीपुरतं असावं. टोपणनाव तुमच्याच मालकीचं राहील, हेही लिहून घ्या.

आणि जी संस्था संपादन, मुखपृष्ठ किंवा प्रसिद्धीसाठी तुमच्याकडेच पैसे मागते, तिची या तुलनेत जागाच नाही. पारंपरिक प्रकाशनात पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे येतो. शंका आली तर १९९८ पासून चालणाऱ्या ‘रायटर बीवेअर’ या उपक्रमाच्या इशाऱ्यांत त्या संस्थेचं नाव शोधा.

पुस्तक छोटं, वेगवान आणि एका मालिकेच्या स्वभावाशी जुळणारं असेल, तर मी बेधडक मालिकेकडे जाईन. लांब, स्वतःचा आवाज असलेलं आणि खूप वाचकांना भिडेल असं असेल, तर एजंट. विषय अगदी मोजक्या पण निष्ठावान वाचकांचा असेल, तर छोटी संस्था, मात्र तिथून आधी पुस्तकं काढलेल्या दोघा-तिघा लेखकांना पैसे वेळेवर येतात का, हे विचारूनच.

एजंट आणि थेट प्रकाशक असे दोन्ही मार्ग चाचपायचे असतील, तर क्रम उलटा होऊ देऊ नका. ज्या संपादकांनी तुमचं हस्तलिखित एकदा नाकारलं, त्यांच्याकडे तेच घेऊन एजंट सहसा पुन्हा जात नाही. नकारांची लांब यादी घेऊन गेलात, तर त्याच्यापाशी पाठवायला जागाच उरत नाही. आधी एजंटांची फेरी पूर्ण करा, तिथे जमलं नाही तरच थेट हस्तलिखितं स्वीकारणाऱ्या संस्थांकडे वळा, आणि कुठे, कधी, कोणता मसुदा पाठवला याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.