चावी बाकड्यावर होती आणि मल्टिमीटर १२.४ दाखवत होता

गाडीच्या दुरुस्तीत ३१,८५० रुपये गेले. नवीन क्लस्टर (स्टिअरिंगसमोरचा काट्यांचा आणि दिव्यांचा मीटर) २४,६००, ‘कोडिंग’ (नवीन क्लस्टर गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवणं) ४,५००, मजुरी २,७५०. नवीन क्लस्टर बसवलाच नव्हता, त्यामुळे कोडिंगचा प्रश्नच नव्हता. बिघाड इग्निशन स्विचमध्ये, म्हणजे चावी फिरवली की सप्लाय जोडणाऱ्या स्विचमध्ये होता. तो नंतर दुसरीकडे १,९५० मध्ये बदलून झाला, मजुरीसकट.

लक्षणं अशी होती. चालत्या गाडीत सगळे काटे एकदम शून्यावर, ओडोमीटर कोरा, वॉर्निंगचे दिवे मंद, इंजिन मात्र चालू. दोन-चार सेकंदांनी सगळं परत जागेवर. खड्ड्यात चावीच्या जुडग्याला हिसका बसला की हमखास व्हायचं. कधी सेल्फ मारून चावी सोडली की क्लस्टर उठायचाच नाही, आणि चावी बोटाने जराशी मागे-पुढे केली की उठायचा. वायरिंग कळणाऱ्या कुणालाही यावरून पहिला संशय स्विचचाच यायला हवा. मलाही आला होता आणि तो मी बोलूनही दाखवला होता. पण ऑइलचा दिवा आणि टेंपरेचरचा काटा बेभरवशाचा झाल्यावर गाडी चालवणं म्हणजे इंजिन पणाला लावणं. काम लगेच होणं भाग होतं. शिवाय गॅरेजवाल्याने बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, यू०१५५ कोड दाखवला, क्लस्टर उतरवून मागच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर टेकवला. १२.४ व्होल्ट. ‘सप्लाय बरोबर येतोय, म्हणजे क्लस्टरच गेलाय.’ समोर रीडिंग दिसत असताना वाद कसा घालायचा?

घालायला हवा होता. कारण त्या वेळी चावी गाडीत नव्हतीच. ती शेजारच्या बाकड्यावर पडलेली होती.

हे दृश्य आठवलं की अजून जीव जळतो. क्लस्टरला सप्लायच्या मुख्य वायरी तीन. बॅटरीचा कायमचा सप्लाय, डायग्राममध्ये बऱ्याचदा ३० नंबर. चावी ऑन केल्यावर येणारा इग्निशनचा सप्लाय, १५ नंबर. आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतणारी वायर, ३१. चावी बाहेर असताना १५ वर व्होल्टेज येऊच शकत नाही. म्हणजे दाखवलेले १२.४ कायमच्या वायरीवरचे होते, आणि ती वायर ठीक आहे याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. ज्या वायरीवर संशय होता तिला हात लागला नाही. हे सगळं पाठ असूनही मी त्या आकड्याकडे बघून मान डोलावली आणि वर फोटो काढला. फोटोत मल्टिमीटर आहे, क्लस्टरच्या मागचा स्टिकर आहे आणि कडेला चावीही आहे.

समजा चावी ऑन करून १५ वर मल्टिमीटर लावला असता, तरी तेवढ्याने भागलं नसतं. ही दुसरी फसगत, आणि हिच्यात चांगले चांगले इलेक्ट्रिशियन सापडतात. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओहम असतो. तो करंट जवळपास ओढतच नाही. स्विचचा कॉन्टॅक्ट जळून तिथे १० ओहमचा अडथळा झालेला असला, तरी कपलर काढलेल्या उघड्या पिनवर मल्टिमीटर पूर्ण १२ च्या वर दाखवणार. त्याच वाटेवर ०.३ अँपिअरचा भार टाका, त्याच १० ओहमवर ३ व्होल्ट गळतील. म्हणून कपलर काढून घेतलेल्या रीडिंगवर कुणालाही पैसे देऊ नका.

बरोबर तपासणी अशी. कपलर क्लस्टरला लावलेलाच ठेवायचा आणि मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून माप घ्यायचं. चावी ऑन, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मल्टिमीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लसवर, काळी क्लस्टरच्या १५ नंबर पिनवर. जो आकडा येतो तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. माझ्या गाडीत, पैसे गेल्यानंतर घेतलेलं हे माप ३.७ आलं. बॅटरीवर १२.३, क्लस्टरपाशी ८.६. मग वाटेचे तुकडे पाडायचे. स्विचची इनपुट ते आउटपुट पिन ३.५, म्हणजे बाकीच्या फ्यूज आणि वायरिंगमध्ये मिळून फक्त ०.२. अर्थचं माप वेगळं घ्यायचं, क्लस्टरच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. ते ०.०४ होतं. अर्थ ०.२ च्या वर गेला तर डॅशखालचा अर्थ पॉइंट सोडून गंज आणि रंग खरवडायचा. खराब अर्थची खूण वेगळी असते: इंडिकेटर लावला की काटे थरथरतात, हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा सरकतो.

इतका वेळ नसेल तर ५ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प १५ नंबर पिन आणि अर्थ यांच्यामध्ये लावून चावी हलवा. बल्ब मंद झाला किंवा लुकलुकला की स्विच बोलला. मात्र हा बल्ब कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या) वायरींना आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला कधीही लावायचा नाही. स्टिअरिंगखाली हात घालण्याआधी बॅटरीचा मायनस काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. बटण-स्टार्ट गाडीत फिरणारी चावी नसते, तिथे हेच माप इग्निशन रिलेच्या ३० आणि ८७ या पिनांमध्ये घ्यायचं.

यू०१५५ बद्दल. त्याचा अर्थ एवढाच की गाडीतल्या बाकीच्या मॉड्यूलना (छोट्या कॉम्प्युटरना) क्लस्टरचा आवाज ऐकू येत नाही. का येत नाही, ते कोड सांगत नाही. सप्लाय तुटला तरी हाच कोड, अर्थ सुटला तरी हाच. आणि क्लस्टरचा कपलर उपटून चावी ऑन केली तरी हाच कोड येतो! म्हणून स्कॅन आपल्यासमोर, क्लस्टरला हात लावण्याआधी करून घ्या. कोड खोडून, गाडी फिरवून तो परत येतो का ते पाहा.

क्लस्टर खरोखर जातो, ते नाकारत नाही. कपलरच्या पिनांचे सोल्डर तडकतात, काट्यांच्या मोटरी मरतात. पण भार असताना ३० आणि १५ दोन्हींवर पुरेसे व्होल्ट, अर्थ स्वच्छ, बॅटरीची वायर काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जिथे लावतात त्या) ६ आणि १४ या पिनांमध्ये सुमारे ६० ओहम, आणि तरी क्लस्टर मेलेला, एवढं जुळल्यावरच दोष त्याचा. ६० च्या जागी १२० आले तर कॅनच्या एका टोकाचा रोध सुटलाय किंवा वाटेत वायर तुटलीय. क्लस्टर बदलून ते जाणार नाही.

बिघाड दुरुस्तीनंतर नवव्या दिवशी परतला. तेच काटे, तोच कोरा डिस्प्ले. क्लस्टर उतरवला तर मागच्या स्टिकरवर फोटोतलाच नंबर, काचेवर डाव्या कोपऱ्यात तोच जुना चरा. ओडोमीटरचा आकडाही तुटक न होता पुढे चालू होता. नवीन क्लस्टर असता तर जुने किलोमीटर त्यात लिहावे लागले असते, आणि काही गाड्यांत इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) जोडणीही करावी लागते. त्याशिवाय इंजिन सुरू होऊन क्षणात बंद पडतं. या कामाचा स्कॅनरमधला रिपोर्ट मागितला तेव्हा ‘सेव्ह केला नाही’ असं उत्तर मिळालं. स्टिअरिंगचं कव्हर काढलं तर स्विच क्लीनरने ओशट झालेला. म्हणजे खरा बिघाड कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. फवारा मारून नऊ दिवस विकत घेतले आणि बिल लावलं क्लस्टरचं.

जुना पार्ट ताब्यात घ्या. मी मागितला होता. ‘कंपनीत परत जातो’ म्हणाले. मी हट्ट धरला नाही.

आता तक्रारीचं. पोलिसांनी पाच मिनिटांत सांगितलं की हा आपसातला व्यवहार, आम्ही यात पडत नाही. न बसवलेल्या वस्तूचे २४,६०० घेणं हा आपसातला व्यवहार? ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर पहिला प्रश्न आला, ‘गाडी चालू आहे ना?’ चालू आहे, कारण स्विच मी स्वतःच्या पैशांनी बदलला. मग नुकसान काय, असं विचारलं! दुसऱ्या खेपेला तज्ज्ञाचा लेखी अहवाल मागितला. अहवाल देणाऱ्याने सांगितलं, बिघाड असलेल्या अवस्थेत गाडी दाखवायला हवी होती. म्हणजे न्यायासाठी मी काटे पडणारी गाडी रस्त्यावर तशीच चालवत राहायचं? क्लस्टर बनवणाऱ्यांना मी विचारलं की हा नंबर नवीन पार्ट म्हणून कधी विकला गेला. उत्तर आलं, ही माहिती फक्त डीलरला मिळते. तिसऱ्या खेपेला अर्ज घेणारा माणूसच बदलला होता, आणि माझी फाइल त्याला सापडली नाही. प्रत्येक खेपेला व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत गळणारे व्होल्ट, हे काय असतं ते मी पहिल्यापासून समजावलं. एकानेही ३.७ हा आकडा लिहून घेतला नाही.

काम देण्याआधी क्लस्टरच्या स्टिकरचा फोटो काढा, बिलावर नवीन पार्टचा नंबर लिहून घ्या, नसेल लिहीत तर तिथूनच परत फिरा. चावीला जड जुडगा लावू नका, कारण लॉक आणि स्विच दोन्ही त्याने झिजतात. आणि कुणी मल्टिमीटर दाखवायला लागला की आधी दोन गोष्टी पाहा: चावी कुठे आहे आणि कपलर लावलेला आहे का.

तक्रारीसाठी चौथ्या खेपेची तारीख मिळाली आहे. जळका स्विच कापून आत काळा पडलेला कॉन्टॅक्ट उघडा केला आहे. तो, बिल आणि चावी दिसणारा फोटो मोठा छापून, असं सगळं घेऊन जाणार आहे.