लायटरवर वाजला, म्हणून पैसे दिले

सांगलीत विश्रामबागेतल्या एका दुमजली बंगल्यात ‘स्मार्ट होम’चं काम झालं. दिवे, पंखे, गेटचा कॅमेरा आणि त्यासोबत सहा ‘स्मोक + सीओ’ (धूर आणि कार्बन मोनॉक्साईड ओळखणारे) वायरलेस डिटेक्टर. बाथरूममध्ये गॅस गीझर, वरच्या मजल्यावर वय झालेले आई-वडील, म्हणून हे सहा नग घरच्यांनी मुद्दाम मागून घेतलेले. काम संपल्यावर बसवणाऱ्याने खिशातून लायटर काढला, न पेटवता नुसता गॅस सोडत पॅसेजमधल्या डिटेक्टरजवळ धरला. "काकू, बघा आता." पाच-सात सेकंदांत सायरन, मोबाईलवर लाल नोटिफिकेशन, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू. राहिलेली रक्कम त्याच संध्याकाळी दिली गेली.

तो नग सीओ डिटेक्टर नाही, हे खरं तर त्या लायटरनेच दाखवून दिलं होतं.

लायटरमध्ये ब्युटेन असतो, म्हणजे एलपीजीचाच भाऊबंद. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, अर्धवट जळलेल्या इंधनातून निघणारा, रंग-वास नसलेला वायू. घरगुती वापराच्या खऱ्या सीओ अलार्ममध्ये इलेक्ट्रोकेमिकल सेल, म्हणजे रासायनिक क्रियेतून सीओ ओळखणारा सेन्सर असतो. तो ब्युटेन, एलपीजी यांना जवळपास दाद देत नाही, आणि देऊही नये. लायटरच्या कच्च्या गॅसवर जो वाजतो, त्यात बहुधा एमक्यू मालिकेतला टिन ऑक्साईडचा सेमीकंडक्टर सेन्सर असतो. दीड-दोनशे रुपयांचा हा सेन्सर एलपीजी, अल्कोहोल, परफ्यूम, धूर, काहीही आलं की हलतो. गॅसगळतीसाठी तो चालतो. गीझरच्या सीओवर घरच्यांचा जीव त्याच्या भरवशावर ठेवता येत नाही.

पुढे सहाही नग उघडले तेव्हा दोन प्रकार निघाले. बेडरूम आणि हॉलमधले चार गोल नग दोन ‘एएए’ सेलवर चालणारे. आत काळ्या प्लॅस्टिकचा ऑप्टिकल चेंबर (प्रकाशाने धूर ओळखणारा कप्पा), बझर, झिग्बी या कमी विजेवर चालणाऱ्या वायरलेस जोडणीची चिप, बस. धुरासाठी ते ठीक होते. पण झाकणावर ‘स्मोक/सीओ’ असं स्टिकर, आणि आत सीओचा सेल नावालाही नाही. पॅसेज आणि स्वयंपाकघरातले दोन नग ५ व्होल्टच्या अडॅप्टरवरचे, आकडे दाखवणारे, त्यांच्यात जाळीदार टोपीचा एमक्यू-२. बॅकअप बॅटरी कुठेच नाही. वीज गेली की दोन्ही मुके.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. एमक्यू सेन्सरच्या आत हीटर असतो, तो ५ व्होल्टवर साधारण १५० मिलीअँपिअर खातो. दोन ‘एएए’ सेल त्याला काही तास पुरतील. म्हणून छोट्या सेलवर वर्षभर चालणारा आणि तरीही सीओ ओळखणारा नग असेल, तर त्यात इलेक्ट्रोकेमिकल सेल असलाच पाहिजे. असा नुसता सेल सुटा घ्यायला गेलं तरी एमक्यूच्या कितीतरी पट पडतो. आठशे रुपयांत ‘स्मोक + सीओ + वायफाय’ मिळत असेल, तर सीओ फक्त स्टिकरवर आहे असं धरून चाला.

गोष्ट उघडकीस आली ती डिओमुळे. मुलगा आंघोळीनंतर डिओ मारायचा आणि पॅसेजमधला सायरन ठणाणा वाजायचा. तक्रार केल्यावर बसवणारा म्हणाला, "सेन्सर जरा जास्त सेन्सिटिव्ह आहे, सेट करून देतो." अॅपमधून त्याने अलार्मची मर्यादा वर नेऊन ठेवली. सायरन थांबला, घरचे निर्धास्त झाले. या सगळ्या प्रकरणात सर्वांत घातक काम हेच झालं. मुळात ज्या यंत्राला सीओ धड कळत नव्हता, त्याचा उरलासुरला आवाजही बंद केला. खऱ्या सीओ अलार्मची मर्यादा अशी हाताने बदलता येतच नाही. युरोपच्या ईएन ५०२९१ मानकात वेळ बांधून दिलेली आहे: ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग सीओ) ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत, ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजलंच पाहिजे. अमेरिकेच्या यूएल २०३४ मध्ये आकडे वेगळे आहेत (७०, १५० आणि ४०० पीपीएम), तत्त्व तेच. ‘सेन्सिटिव्हिटी कमी करून देतो’ हे वाक्य सीओच्या बाबतीत ऐकलं की पुढचा हप्ता थांबवा.

टेस्ट बटणावर तर अजिबात जाऊ नका. ते बटण बॅटरी, सर्किट आणि बझर तपासतं. सेन्सरला गॅस कळतो की नाही, हे बहुतेक नगांत त्यावरून समजत नाही. या घरातले सीओचा सेल नसलेले चारही नग बटण दाबल्यावर खणखणीत वाजत होते.

मग पारख करायची कशी? धुपाटण्यातला लोणारी कोळसा पूर्ण फुलू द्या, वर राखेची पांढरी साय धरली आणि धूर थांबला की तो तयार. अंगणात किंवा गच्चीवर फरशीवर धुपाटणं ठेवा, त्यापासून वीतभर अंतरावर संशयित नग आणि शेजारी एक खात्रीचा, आकडे दाखवणारा सीओ अलार्म ठेवा. वरून जुनी माशांची काचेची टाकी पालथी घाला. या घराच्या गच्चीवर हेच केलं. खात्रीच्या अलार्मचा आकडा तीस, ऐंशी, दीडशे असा सरसर चढत गेला आणि तीनशे ओलांडून थोड्या वेळात तो वाजला. शेजारी ठेवलेला गोल नग शांत. अडॅप्टरवाला नगही शांत, त्याच्या पडद्यावर ‘०१२’. आकडा चारशेच्या वर जाऊ देऊ नका, टाकी लांबूनच उचला, तोंड बाजूला ठेवा. ही परीक्षा घरात, बंद बाल्कनीत किंवा जिन्यात कधीही करू नका; कोळशाच्या शेगडीने बंद खोलीत माणसं जातात ती याच वायूने. कोळसा धूर न देणारा हवा, याला कारण आहे. धूर आला तर ऑप्टिकल चेंबरमुळे नग वाजेल आणि तुम्हाला वाटेल सीओ कळला. अगरबत्तीवर दाखवलेला डेमो म्हणूनच फसवा असतो.

खऱ्या सीओ अलार्मलाही एक खोड आहे. त्याच्या सेलला हायड्रोजन कळतो, आणि इन्व्हर्टरची लेड-अॅसिड बॅटरी जास्त चार्ज होत असली की हायड्रोजन सोडते. जिन्याखाली इन्व्हर्टर आणि त्याच्या डोक्यावर सीओ अलार्म अशी जोडी जमली, की रात्री-अपरात्री सायरन होतो. आधी सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, गीझर-शेगडी तपासा. तिथे काही नसेल तर बॅटरी आणि चार्जर दाखवून घ्या. तो अलार्मही फुकट गेला असं समजू नका, उकळणारी बॅटरी हा स्वतंत्र धोका आहे.

आता ऑटोमेशनकडे येऊ, कारण फसवणुकीचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. ‘एक वाजला की सहाही वाजतील’ असं कोटेशनमध्ये लिहिलेलं होतं. राउटर बंद करून एकाचं बटण दाबलं, तर तोच एकटा वाजला. बाकीच्यांना निरोप इंटरनेटवरून परदेशातल्या सर्व्हरला जाऊन परत यायचा. पावसाळ्यात लाईट गेली, राउटर बसला, की जोडणी संपली. खरं इंटरकनेक्ट नगा-नगात थेट रेडिओवर चालतं, त्याला राउटर लागत नाही, हब (सगळे नग जोडणारी मधली पेटी) लागत नाही. पैसे देण्याआधी मेन स्विच पाडा आणि मग एकाचं बटण दाबा. बाकीचे वाजले तरच इंटरकनेक्ट.

झिग्बीचा नग होम असिस्टंट या घर-ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, झिग्बी-टू-एमक्यूटीटी या जोडणीच्या प्रोग्रॅमने जोडून पाहिला, तर पानावर ‘स्मोक’, बॅटरी आणि सिग्नल एवढ्याच नोंदी आल्या. ‘कार्बन मोनॉक्साईड’ची नोंद नव्हतीच. डिटेक्टर घेताना विक्रेत्याकडून मॉडेल नंबर घ्या आणि नग काय काय कळवतो ते आधी बघा. तिथे नोंद आहे म्हणजे सीओचा सेल आहेच असं नाही, पण नोंदच नसेल तर विषय संपला. आणखी एक बारकावा. बॅटरी सेलवर चालणारे झिग्बी नग झोपून असतात, क्वचितच हजेरी देतात. झिग्बी-टू-एमक्यूटीटीत अशा नगाला ‘ऑफलाइन’ ठरवायला मूळ सेटिंगनुसार १५०० मिनिटं, म्हणजे २५ तास लागतात. बॅटरी आज सकाळी संपली तर उद्यापर्यंत पडद्यावर सगळं हिरवंच. आरसीसी स्लॅबखाली वरच्या मजल्याचा सिग्नल असाही मार खातो, तेव्हा जिन्याजवळ एखादा झिग्बी स्मार्ट प्लग रिपीटर म्हणून ठेवा.

परदेशातून ‘ओरिजिनल’ आणून देतो म्हणणाऱ्यांपासूनही जपून. अमेरिकेतला झेड-वेव्ह (झिग्बीसारखीच दुसरी वायरलेस जोडणी) नग ९०८.४२ मेगाहर्ट्झवर बोलतो, भारतातला हब ८६५.२ वर. ते कधीच जुळणार नाहीत, शिवाय अमेरिकेचा तो पट्टा आपल्याकडे मोबाईलचा आहे. वापरलेला नग घेऊच नका. सीओ सेलचं आयुष्य ठरलेलं असतं, बहुतेकांचं ५ ते १० वर्षं, आणि ते पॅकिंग फोडल्यापासून नव्हे, तर मागच्या बाजूला छापलेल्या तारखेवर संपतं. तारीख खरवडलेली असेल तर नग परत.

एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू होणं घरच्यांना फार आवडलं होतं. तिथे जीव गेला असता. सीओच्या अलार्मवर पंखा चालवला तर हरकत नाही, पीपीएममध्ये मोजला जाणारा सीओ पेट घेत नाही, त्याला जवळपास साडेबारा टक्के प्रमाण लागतं. एलपीजी मात्र हवेत दोन टक्क्यांच्या आसपासच पेट घ्यायच्या तयारीत असतो, आणि रिलेची किंवा मोटरची एक ठिणगी त्याला पुरते. एमक्यू-२ ला दोन्ही सारखेच, त्यामुळे सिलिंडर गळत असतानाही या घरातल्या ऑटोमेशनने पंखा चालू केला असता. एलपीजीचा अलार्म वेगळा, जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर, आणि त्याच्यावर स्वयंपाकघरातलं कुठलंही बटण चालू किंवा बंद होईल असं ऑटोमेशन नको. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन. ‘ऑटो शटऑफ’ वाल्व्हसाठी कुणी नारिंगी सुरक्षा होज मधून कापत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. ती नळी अखंडच राहायला हवी, आणि पाच वर्षांनी बदलायची असते.

सहा नगांऐवजी या घराला काय हवं होतं? गीझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत, हे पहिलं. कुठलाही डिटेक्टर त्याची जागा घेत नाही. मग प्रत्येक बेडरूममध्ये झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर एक इलेक्ट्रोकेमिकल सीओ अलार्म. खाली बसवायची गरज नाही, सीओ हवेच्याच वजनाचा आहे. बाथरूमच्या आत वाफेत बसवू नका. धुरासाठी ऑप्टिकल नग छताला, पॅसेज आणि हॉलमध्ये. स्वयंपाकघरात लसूण-मिरचीच्या फोडणीला तो रोज वाजेल आणि आठवड्यात कुणीतरी त्याचा सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घालेल. नग स्वतःहून, इंटरनेटशिवाय, ३ मीटरवर ८५ डेसिबलने ओरडला पाहिजे. मोबाईलचा निरोप ही वरची सोय.

शेवटची अडवणूक अॅपची निघाली. सगळे नग बसवणाऱ्याच्या खात्यातल्या ‘होम’मध्ये जोडलेले, घरचे फक्त सदस्य. वार्षिक देखभालीचे पैसे नाकारल्यावर त्याने सदस्य काढून टाकले, आणि कॅमेऱ्यासकट घर त्याच्याच हातात राहिलं. यावर बहुतेक नगांना चालणारा उपाय: प्रत्येक नगाचं रिसेट बटण दाबून धरायचं आणि स्वतःच्या खात्यात पुन्हा जोडायचं, राउटरचा पासवर्ड त्याआधी बदलून. काम सुरू होतानाच मालकाचं खातं घरच्या माणसाच्या नंबरवर उघडून घ्या.

बिलावर ‘स्मार्ट होम पॅकेज, १ नग’ एवढंच लिहिलेलं होतं, त्यामुळे काय विकलं हेच कागदावर नाही. कोटेशन आणि व्हॉट्सअॅपवरचे ‘सीओ पण पकडतो’ असे मेसेज मात्र होते, त्यांनीच तक्रार उभी राहिली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करता येते. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं; खरेदीच्या वेळी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. उघडलेल्या नगाचे आतले फोटो, स्टिकर आणि अनुक्रमांक एकाच चौकटीत दिसतील असे घ्या, आणि ‘बदलून देतो’ म्हणून सगळे नग परत मागितले तर निदान दोन स्वतःकडे ठेवा. सीओचा सेल नसलेले गोल नग धुरासाठी वापरायचे असतील, तर आधी त्यांच्यावरचं ‘सीओ’ हे अक्षर पर्मनंट मार्करने खोडून टाका.