गाठ मोठी आहे: नुसती गाठ काढायची की पिशवीच?

गर्भपिशवीच्या स्नायूत वाढणारी फायब्रॉइडची गाठ बेंबीपर्यंत आली, पोट पाच महिन्यांचं दिसू लागलं, की जळगाव-धुळ्याकडे सल्ला ठरलेला: "पोरं झाली ना, मग पिशवी काढी टाक, माय." ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, म्हणून दोन्ही वाटा शांतपणे पाहायला वेळ मिळतो.

मूल हवं असेल, तर नुसती गाठ काढणं, म्हणजे मायोमेक्टॉमी, हाच रस्ता. गाठ जितकी मोठी, तितकं रक्त जाण्याची भीती जास्त. रक्तस्राव आवरलाच नाही, तर ऐनवेळी पिशवी काढावी लागते. संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचून घ्या. पुढे नव्या गाठी होऊ शकतात. टाके पिशवीच्या भिंतीत खोल गेले असतील, तर पुढचं बाळंतपण बहुधा सिझेरियननं.

पिशवी काढली की पाळी आणि गाठ दोन्ही कायमच्या गेल्या. मात्र "सोबत अंडाशयही काढणार का?" हे विचाराच. पस्तिशी-चाळिशीत कारण नसताना दोन्ही अंडाशयं गेली, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात, हाडंही ठिसूळ होतात. इथं गप्प बसू नका.

दुर्बिणीनं, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून ऑपरेशन केलं, तर दुखणं कमी, घरी लवकर. पण फार मोठी गाठ बाहेर काढायला तिचे तुकडे करावे लागतात, आणि चुकून त्यात कॅन्सर निघाला तर तो पोटात पसरू शकतो. एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेनं 2014 मध्ये यंत्रानं तुकडे करण्याबाबत इशारा दिला तो यामुळेच. बेंबीच्या वर गेलेल्या गाठीला मी पोट उघडून केलेलं ऑपरेशनच बरं म्हणेन. व्रण राहील, राहू दे.

दोन्ही वाटांना हिमोग्लोबिन मात्र सारखंच लागतं. महिनोन्‌महिने अंगावरून जाऊन ते सात-आठवर आलेलं असताना टेबलावर जाऊ नये. शिरेतून लोह देता येतं. ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन साधारण तीन महिने घेतलं, तर पाळी थांबते, गाठही आक्रसते. ऑपरेशनच्या दिवशी रक्ताच्या पिशव्या तयार हव्यात.

पोट उघडल्यावर निदान सहा आठवडे जड उचलायचं नाही. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात हे कोण पाळू देणार? गाठीचा त्रास तोवर सोसवत असेल तर तारीख वेचणीनंतरची घ्या. लघवी तुंबत असेल, एका पायाला सूज येऊन दुखत असेल किंवा रक्त थांबतच नसेल, तर वेचणी राहिली तरी चालेल, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पाळी गेल्यावरही गाठ वाढत असेल, तर तिला साधी समजू नका.